किती टक्के चालतं, मॅडम?

पीएचडीच्या कोर्सवर्कचा सीझन आला की आमच्या भागातल्या रिसर्च सेंटरांवरून फोन यायला लागतात, मॅडम, एथिक्सचे दोन तास घ्याल का. एथिक्स म्हणजे संशोधन प्रामाणिकपणे कसं करायचं ते. मी घेते आणि मनापासून घेते. नांदेड, लातूर, परभणी, जिथून बोलावणं येईल तिथं. समोर सगळ्या तऱ्हेची मंडळी असतात, कुणी तासिका तत्त्वावर दोन कॉलेजांत शिकवून उरलेल्या वेळात संशोधन करणारा, कुणी झेडपीच्या शाळेतून रजा टाकून आलेले गुरुजी, कुणी बार्टीची, कुणी सारथीची, कुणी महाज्योतीची फेलो, एखादी तान्हं लेकरू सासूकडं ठेवून आलेली. बहुतेकांच्या घरात पीएचडी सोडाच, एमएस्सीपर्यंतही आधी कुणी गेलेलं नसतं. आणि तास सुरू झाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"मॅडम, किती टक्के चालतं?"

टक्के म्हणजे प्लेजिअरिझमचे, दुसऱ्याचं लिखाण उचलल्याचे. थीसिस सॉफ्टवेअरमधून काढली की जो आकडा येतो तो. या प्रश्नाचा मला राग येत नाही, कारण त्यांच्या कानावर जे पडलंय तेच ते विचारतात. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत, त्यात १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई नाही, १० ते ४० असेल तर ६ महिन्यांच्या आत सुधारून परत द्या, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित थीसिस देता येणार नाही, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. नियम सरळ आहे, लक्षात राहतो, पीपीटीच्या एका स्लाइडवर मावतो, म्हणून कितीतरी ठिकाणी एथिक्सचा अख्खा कोर्स या एका स्लाइडभोवती फिरतो. हजेरी होते, चहा होतो, शेवटी ऑब्जेक्टिव्ह पेपर होतो, २ क्रेडिट मिळतात.

खरं तर कोर्स एवढा छोटा नाहीये. डिसेंबर २०१९ मध्ये यूजीसीने ठरवलं की प्रत्येक पीएचडीवाल्याला कोर्सवर्कमध्ये रिसर्च अँड पब्लिकेशन एथिक्स हा ३० तासांचा पेपर सक्तीचा. सहा युनिट आहेत, सुरुवात तत्त्वज्ञानापासून होते, मग वैज्ञानिक आचरण, मग पब्लिकेशन एथिक्स, ओपन अॅक्सेस, पब्लिकेशनमधले गैरप्रकार, आणि शेवटी डेटाबेस आणि मेट्रिक्स म्हणजे इम्पॅक्ट फॅक्टर, एच इंडेक्स वगैरे, जर्नल आणि संशोधक किती वजनदार ते मोजायचे आकडे. हा निर्णय चांगलाच होता, मी तेव्हाही म्हणत होते आणि आताही म्हणते. पण ते दुसरं युनिट, वैज्ञानिक आचरणाचं, त्यात सगळा जीव आहे आणि नेमकं तेच सगळ्यात पटकन उरकलं जातं, कारण ते पीपीटीवर शिकवता येत नाही.

सॉफ्टवेअर शब्द तपासतं. आकडा खरा आहे का बसवलेला हे त्याला कळायला काही मार्गच नाही. कुणी एकही प्रयोग न करता, एकाही घरी न जाता, स्वतःच्या भाषेत थीसिस लिहून काढली तर तिचं साम्य दोन-तीन टक्के येईल आणि ती बिनबोभाट पुढं जाईल. संशोधनातले मोठे गुन्हे तीन मानतात, आकडे मनानेच तयार करणं म्हणजे फॅब्रिकेशन, आलेले आकडे हवे तसे वाकवणं किंवा नको ते गाळणं, आणि दुसऱ्याचं आपलं म्हणून खपवणं. आपण सगळा जोर तिसऱ्यावर लावलाय कारण ते मोजता येतं. पहिले दोन मोजता येत नाहीत आणि नुकसान त्यांनीच जास्त होतं.

मी तासाला श्योनची गोष्ट सांगते. यान हेंड्रिक श्योन, जर्मन तरुण, अमेरिकेत बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत काम करायचा, २००० च्या आसपास त्याचे पेपर इतक्या भराभर यायचे की नेचर आणि सायन्स या मोठ्या जर्नलांमध्ये सारखं त्याचंच नाव, लोक नोबेलची भाषा करायला लागले होते. मग काही जणांच्या लक्षात आलं की दोन वेगळ्या प्रयोगांचे ग्राफ आहेत, तापमानं वेगळी आहेत, आणि दोन्हींतला नॉइज हुबेहूब सारखा आहे. नॉइज म्हणजे रीडिंगमधली ती बारीक थरथर जी कुणाच्या हातात नसते आणि म्हणूनच दोनदा तश्शीच्या तशी येऊ शकत नाही. चौकशी समिती बसली, सप्टेंबर २००२ मध्ये अहवाल आला, २४ आरोप तपासले होते, त्यातल्या १६ मध्ये गैरप्रकार सिद्ध झाला. समितीने मूळ डेटा मागितला तर नीट ठेवलेली लॅब नोटबुकच नाही, आणि कॉम्प्युटरमधल्या फाइली जागा नव्हती म्हणून डिलीट केल्या असं त्याचं उत्तर. २००४ मध्ये कोन्स्टान्झ विद्यापीठाने त्याची डॉक्टरेटही काढून घेतली.

पोरं ऐकतात पण चेहऱ्यावर दिसतं की हे लांबचं आहे, अमेरिकेचं आहे. मग मी चंदिगडला येते. पंजाब विद्यापीठातले भूगर्भशास्त्रज्ञ विश्वजीत गुप्ता वर्षानुवर्षं हिमालयातले जीवाश्म म्हणून पेपर छापत होते, आणि १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन टॅलेंट यांनी नेचरमध्ये मांडलं की यातले कितीतरी नमुने हिमालयातले नाहीतच, काही तर थेट मोरोक्कोतल्यासारखे आहेत. यात मला सगळ्यात लागणारी गोष्ट सहलेखकांची आहे. या पेपरांवर भरपूर जणांची नावं होती, चांगल्या जाणकारांची, पण नमुना त्यांच्या हातात आयता आला, त्यांनी तो ओळखून दिला, तो सापडला म्हणतात त्या जागी ते स्वतः गेले नाहीत. आणि त्या पेपरांचा आधार धरून ज्यांनी पुढं हिमालयाच्या थरांवर काम केलं त्यांच्या कष्टाचं काय, याचा हिशोब कुणीच करू शकत नाही.

आणि मग मी विचारते, बीएस्सीला सीबीआर कसा लिहायचात?

हॉल एकदम जागा होतो. एकमेकांकडं बघतात. कारण आता गोष्ट त्यांच्या घरातली झालेली असते.

ज्यांनी सायन्स केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते, केमिस्ट्रीच्या जर्नलमध्ये म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीत टायट्रेशनचा तक्ता असतो. टायट्रेशन म्हणजे ब्युरेट नावाच्या खुणांच्या उभ्या नळीतून एक द्रावण थेंबथेंब सोडायचं आणि रंग बदलेपर्यंत किती लागलं ते मोजायचं. तक्त्यात आधी पायलट रीडिंग, मग एक दोन तीन रीडिंगा, आणि शेवटच्या रकान्यात सीबीआर, कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग. अपेक्षा अशी की रीडिंगा जुळेपर्यंत टायट्रेशन परत परत करायचं. प्रत्यक्षात वीस पोरांच्या बॅचला चालू ब्युरेट चार, एकीचा कॉक गळतोय, डिस्टिल्ड वॉटर संपलंय, आणि साडेचारची एसटी चुकली तर गावाकडं जायला पुढची गाडी थेट सहाला. मग पोरगं एकदा टायट्रेशन करतं आणि तक्त्यात ९.८, ९.८, ९.८ लिहून मोकळं होतं. काही जण तर एकदाही करत नाहीत, मागच्या बॅचचं जर्नल असतंच. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरचे एक्झामिनर आलेले असतात, त्यांच्या कागदावर एक आकडा असतो, आणि पोरं हळूच लॅबच्या मामांना विचारतात, "मामा, आज किती येऊ लागलंय?"

मी या पोरांना दोष देत नाही, अजिबात नाही. खरा आकडा लिहिला तर मार्क जातात आणि जुळवलेला लिहिला तर मिळतात हे त्यांना अठराव्या वर्षी आपणच शिकवलेलं असतं, तेही वहीवर सही करून. तीन वर्षं बीएस्सी, दोन वर्षं एमएस्सी, पाच वर्षं हीच सवय, आणि मग एकदम पंचविशीत आपण त्याला एसी हॉलमध्ये बसवून सांगतो की बाबा फॅब्रिकेशन हा गुन्हा आहे. त्याला कळतच नाही की आपण त्याच्याचबद्दल बोलतोय. त्याला वाटतं फॅब्रिकेशन म्हणजे काहीतरी मोठं, श्योननी केलं तसलं.

म्हणून आता मी शक्य असेल तिथं पीपीटी बंद करते आणि सगळ्यांना लॅबमध्ये नेते. इतिहासवाल्यांना, मराठीवाल्यांना, कॉमर्सवाल्यांनासुद्धा, केमिस्ट्रीवाला एकेक जण त्यांच्या शेजारी उभा राहून दाखवतो. कॉलेजच्या बोअरचं पाणी एका कॅनमध्ये भरून आणलेलं असतं. सगळ्यांना त्याच पाण्याचं २५ मिली, त्यात अमोनिया बफर, रंग दाखवायला चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी, वरून ब्युरेटमधून ०.०१ मोलर ईडीटीएचं द्रावण सोडायचं. रंग वाइन रेडवरून निळा होतो पण मधे एक जांभळा टप्पा येतो, तिथं थांबायचं का अजून एक थेंब टाकायचा, हे प्रत्येकाचा डोळा वेगळं सांगतो. खिडकीजवळ उभा असलेला आधी थांबतो, ट्यूबलाइटखाली उभा असलेला जरा नंतर. कुणी कुणाला सांगायचं नाही, आपलं रीडिंग चिठ्ठीवर पेनाने लिहून माझ्याकडं द्यायचं.

मग मी सगळे आकडे फळ्यावर मांडते. ११.३, ११.१, ११.४, १०.९, ११.३, ११.६, असे पसरलेले. ०.१ मिलीचा फरक म्हणजे या मापाला हार्डनेसमध्ये, पाण्याच्या जडपणात, लिटरला ४ मिलीग्रॅमचा फरक, ११.३ म्हणजे ४५२. पिण्याच्या पाण्याचं आपलं बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं, स्टँडर्ड २०० पर्यंत ठीक म्हणतं, दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या म्हणतं, म्हणजे हे पाणी कुठं बसतं ते या पसरलेल्या आकड्यांवरूनही स्पष्ट कळतं. पाणी एकच, कॅन एकच, तरी आकडे पसरलेले, आणि कुणीही खोटं बोललेलं नाही. हे बघून काही जणांना खरंच आश्चर्य वाटतं. इतकी वर्षं केमिस्ट्री शिकून एका जागी पसरलेला खरा डेटा त्यांनी बघितलेलाच नसतो.

मागच्या एका बॅचमध्ये एकाचं रीडिंग १२.४ आलं. सगळ्यांपेक्षा वर. फळ्यावर आकडा गेला तसा तो पोरगा चुळबुळ करायला लागला, मग हात वर केला, "मॅडम, माझं खोडा की, मी दुसऱ्यांदा करतो." शेजारचा म्हणाला, "कामून खोडायचं, लिही ना ११.४, कोण बघायलंय." मी म्हटलं दुसऱ्यांदा जरूर कर, पण १२.४ वहीत राहणार. त्यावर एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी तारीख आणि कारण लिहायचं. कारण काय ते शोध. तो परत ब्युरेटपाशी गेला, भरली, बघितलं, तर खालच्या टोकाला हवेचा बुडबुडा अडकत होता. टायट्रेशन चालू असताना तो बुडबुडा निसटला की त्याची जागा द्रावण घेतं आणि रीडिंग उगाच वाढतं. बस एवढंच. पण हे सापडलं कशामुळं, तर आकडा पुसला नाही म्हणून. व्हाइटनर लावला असता तर बुडबुडा पुढच्या दहा जणांच्या रीडिंगमध्ये तसाच राहिला असता.

नोटबुकचं पण तेव्हाच सांगते. बांधीव वही, पानांना नंबर, पेन, व्हाइटनर बंद, सुट्या कागदावर लिहून घरी जाऊन फेअर करायची पद्धत बंद, कारण फेअर करताना माणूस नकळत आकडे गोड करतो. इन्स्ट्रुमेंटची मूळ फाइल वेगळी, त्यावर काम करायची कॉपी वेगळी. ग्राफमधला पॉइंट काढायचा असेल तर कोणत्या नियमाने काढणार ते प्रयोगाच्या आधी लिहून ठेवायचं, नंतर सुचलेला नियम चालत नाही. फोटोंचं पण तसंच, एलिझाबेथ बिक या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायोलॉजीचे २०,६२१ पेपर तपासले, बाईंनी ते नुसत्या डोळ्यांनी चाळले, आणि साधारण ३.८ टक्क्यांमध्ये संशयास्पद रीतीने परत वापरलेल्या प्रतिमा निघाल्या, २०१६ ची गोष्ट. सगळेच मुद्दाम केलेले असतील असं नाही. पण मूळ फाइल जपून ठेवली असेल तरच चूक आणि लबाडी यातला फरक दाखवता येतो, आणि ती दाखवायची वेळ आली तर आपल्याच उपयोगी पडते.

मी एवढं जीव तोडून का सांगते? कारण हे पोरगं पुढं पीएचडी करो न करो, ते कुठंतरी पाणी तपासणाऱ्या, माती तपासणाऱ्या लॅबमध्ये लागणार आहे. फ्लोराइडची मर्यादा लिटरला १.५ मिलीग्रॅम आहे, नायट्रेटची ४५. एखाद्या तांड्यावरच्या बोअरचं फ्लोराइड २ च्या पुढं असेल आणि नमुने साचलेत म्हणून याने शेजारच्या गावचाच आकडा थोडा इकडंतिकडं करून लिहिला, तर त्या तांड्यावरची लेकरं ते पाणी पीतच राहणार, दात पिवळे पडणार, हाडं धरणार. शेतकऱ्याच्या हातात मृदा आरोग्य पत्रिका असते, तिच्यावरचा नत्र-स्फुरद-पालाशचा आकडा बघून तो डीएपीची एखादी बॅग कमी घेतो किंवा जास्त घेतो, उधारीवर घेतो. त्याला कुठं माहीत तो आकडा लॅबमध्ये आला का टेबलावर.

सोशल सायन्सवाल्यांना वाटतं हे आपल्याला लागू नाही, तर त्यांना तर दुप्पट लागू आहे. प्रश्नावली. ३०० प्रश्नावल्या भरायच्या असतात, गावं लांब, माणसं शेतात, आणि मग रूमवर चार मित्र बसतात आणि वेगवेगळ्या पेनांनी भरून काढतात. मी हे ऐकीव सांगत नाही, तासाला पोरं स्वतः सांगतात, बाहेर कुणाला सांगू नका म्हणून. याला कुठलंही सॉफ्टवेअर पकडणार नाही. पण बघणाऱ्याला दिसतं, खऱ्या ३०० माणसांत कुणीतरी प्रश्न अर्धवट सोडतं, कुणाचं वय माहीत नसतं म्हणून "चाळीस असंल" म्हणतं, कुणी पाचव्या प्रश्नाला एक आणि बाराव्याला त्याच्या उलट सांगतं. रूमवर भरलेल्या फॉर्मांत असं काही नसतं, सगळी उत्तरं शहाण्यासारखी.

आणि ज्या खरोखर गावात जातात त्यांचा प्रश्न वेगळा. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याचा विषय २०१९ मध्ये गाजला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि तेव्हापासून त्या बायकांकडं पत्रकार, संस्थावाले, एमएसडब्ल्यूचे विद्यार्थी, पीएचडीवाले यांची रीघ लागली. एका स्कॉलर मुलीने मला सांगितलं की ती एका वस्तीवर गेली तर एक मावशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "बाई, मागच्या बारीच्या पोरीला समदं सांगितलं की. आता परत पहिल्यापासून सांगू का?" ती गप्प बसून राहिली. तिच्या हातात संमतीपत्र होतं, विद्यापीठाच्या भाषेतलं, "सदर संशोधनात मी स्वेच्छेने सहभागी होत असून" असं काहीतरी, आणि खाली अंगठ्याला जागा. मावशींनी अंगठा दिला असता, लगेच दिला असता, कारण आपल्याकडं कागद पुढं केला की माणूस अंगठा देतोच, कर्जाचा असो, योजनेचा असो. मला त्या मुलीचं फार कौतुक वाटतं, तिने त्या दिवशी अंगठा घेतला नाही. तिने नुसतं सांगितलं की मी काय विचारणार आहे, नको असेल तिथं नाही म्हणा, मधेच उठून जा म्हटलं तरी मी जाईन, आणि तुमचं नाव, गाव, मुकादमाचं नाव यातलं काही छापलं जाणार नाही. मुकादमाचं नाव छापलं जाणार नाही म्हटल्यावर मावशी बोलायला लागल्या. म्हणजे त्यांची भीती कुठं होती हे फॉर्म बनवणाऱ्याला माहीतच नव्हतं.

संमती म्हणजे अंगठा असं धरलं की काय होतं ते खम्ममला दिसलंय. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात शाळकरी मुलींना एचपीव्हीची, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपासून वाचवणारी, लस देऊन अभ्यास सुरू झाला, २०१० मध्ये तो थांबवावा लागला. खम्ममला कितीतरी मुलींच्या संमतीपत्रावर आईबापाऐवजी होस्टेलच्या वॉर्डनची नाहीतर हेडमास्तरची सही होती. संसदेच्या समितीने २०१३ मध्ये त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती असा याचा अर्थ नाही, लस चांगलीच आहे, पण पोरगी ज्यांची त्यांना विचारलंच नाही. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, माणसांवरच्या अभ्यासाला एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या असं त्यात स्वच्छ आहे, समाजशास्त्रातल्या आरोग्याच्या अभ्यासालासुद्धा. आर्ट्सच्या किती विभागांत ही कमिटी आहे ते तुम्हीच आपापल्या कॉलेजात विचारून बघा.

पेपर छापायच्या बाजाराबद्दल जास्त लिहीत नाही, सगळ्यांना माहीत आहे. २०१० मध्ये प्राध्यापकांच्या प्रमोशनसाठी एपीआयचे, म्हणजे कामगिरी मोजायचे, पॉइंट आले, पॉइंटासाठी पेपर, पेपरासाठी पैसे घेऊन आठवड्यात छापणारी जर्नल्स. ती रोखायला २०१९ मध्ये यूजीसी-केअर ही मान्य जर्नलांची लिस्ट आली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बंद झाली, आता जर्नल चांगलं का वाईट ते ज्याने त्याने तपासायचं. थीसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत निघाली, ते फार बरं झालं. तरी व्हॉट्सअॅपवर मेसेज येतच असतात, गॅरंटेड पब्लिकेशन, सहलेखक म्हणून नाव टाकायचं असेल तर रेट वेगळा.

नावाचंच बघा ना. पेपर पोरीने लिहिला, त्यावर गाईडचं नाव, ठीक आहे, त्यांनी काम केलं असेल तर. मग विभागप्रमुखांचं, मग प्राचार्यांचं, मग गाईडच्या मित्राचं कारण त्यांचं प्रमोशन अडलंय. मेडिकल जर्नलच्या संपादकांची आयसीएमजेई म्हणून समिती आहे, तिच्या चार अटी आहेत आणि चारही पूर्ण झाल्या तरच लेखक म्हणायचं, कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात वाटा, शेवटच्या मसुद्याला मंजुरी, आणि उद्या काही चुकीचं निघालं तर उत्तर द्यायची जबाबदारी. ही चौथी अट मी तासाला तीनदा वाचून दाखवते. श्योनच्या सहलेखकांना समितीने गैरप्रकारातून निर्दोष ठरवलं, पण सहलेखकाची जबाबदारी नेमकी किती हा प्रश्न अहवालात उरलाच.

आता मला जे म्हणायचंय ते. तास संपला की दोन-तीन जण थांबतात, बाकीचे जाईपर्यंत उगाच बॅग भरत राहतात आणि मग जवळ येतात. "मॅडम, तुम्ही सांगायलात ते पटतंय, पण आमचे सर म्हणायलेत ते तीन पॉइंट काढून टाक, लाइन सरळ येत नाही." "मॅडम, सर म्हणले मागच्या स्टुडंटचा डेटा आहे, त्यालाच पुढं चालव." काय सांगायचं याला? सही गाईडची, प्रोग्रेस रिपोर्ट गाईडचा, व्हायवाला एक्झामिनर सुचवणार गाईड, फेलोशिपच्या फॉर्मवर शिक्का लागणार तो पण त्यांच्यामार्फत. या पोरीने कोर्सवर्कच्या एका दुपारी माझं ऐकलं आणि पुढची चार-पाच वर्षं ती त्यांच्या लॅबमध्ये काढणार. आपण ट्रेनिंग अशा माणसाला देतोय ज्याच्या हातात काहीच नाही, आणि ज्याच्या हातात सगळं आहे त्याला एक तास पण बसवत नाही.

बाहेर हे कळलंय. अमेरिकेच्या एनआयएच या आरोग्य संशोधनाच्या सरकारी संस्थेने २००९ मध्येच लिहून ठेवलं की नुसतं ऑनलाइन ट्रेनिंग पुरेसं धरणार नाही, समोरासमोर किमान ८ तास पाहिजेत, करिअरच्या प्रत्येक टप्प्यावर आणि निदान दर चार वर्षांनी परत पाहिजे, आणि मार्गदर्शक शिक्षकांनी त्यात भाग घेतला पाहिजे. आपण गाईडशिप देताना पेपर किती ते बघतो. मला म्हणायचंय गाईडशिप देताना एक दिवस या ट्रेनिंगचा धरा, आपल्याच विद्यार्थ्यांसोबत, एकाच बाकावर, म्हणजे पुढं लॅबमध्ये तो १२.४ आला की दोघांनाही तो दिवस आठवेल आणि विद्यार्थ्याला "सर, रेघ मारून ठेवू का" एवढं म्हणायची तरी सोय होईल.

चांगले गाईड नाहीत असं कुणी समजू नये. आमच्याकडं असे सर आहेत जे उन्हाळ्यात स्वतः विद्यार्थ्याच्या मागं बाइकवर बसून नमुने गोळा करायला जातात, पेपरमध्ये नाव नको म्हणतात. त्यांच्या विद्यार्थ्यांना एथिक्स वेगळं शिकवावं लागत नाही, त्यांनी रोज ते बघितलेलं असतं.

आणि तक्रार कुठं करायची हे पण पोरांना माहीत नसतं, तर लिहून ठेवा. त्याच २०१८ च्या नियमांत विभाग पातळीवर डीएआयपी आणि संस्था पातळीवर आयएआयपी अशी दोन पॅनल सांगितली आहेत, अकॅडमिक इंटेग्रिटी पॅनल, त्यांत बाहेरचा एक सदस्य असतो. मुख्यतः ती वाङ्मयचौर्यासाठी आहेत, डेटाच्या गैरप्रकारासाठी तेवढी स्पष्ट तरतूद नाही आणि ती व्हायला पाहिजे. आपल्या कॉलेजात हे पॅनल कागदावर असेल तर त्यात कोण आहे ते नोटीस बोर्डावर लावायला सांगा, तेवढा हक्क तुम्हाला आहे. आणि तक्रार करायची हिंमत नसेल, जी नसणं मला पूर्ण समजतं, तर निदान वहीत तारीख घालून लिहा की हे तीन पॉइंट अमुक दिवशी सांगण्यावरून काढले, मूळ आकडे हे. ते पान फाडू नका.

यंदाच्या कोर्सवर्कसाठी मी बोलावणाऱ्या सेंटरांना सांगितलंय की तास हॉलमध्ये नको, लॅबमध्ये द्या, आणि ज्यांचे विद्यार्थी आहेत त्या गाईडनी अर्धा दिवस तरी सोबत बसावं. एका सेंटरने लगेच होकार दिला, तिथले एक ज्येष्ठ सर म्हणाले मीच पहिलं टायट्रेशन करतो, हात थरथरतात पण करतो. दुसरीकडून "सरांना विचारून कळवतो" आलंय, अजून कळवलेलं नाही. जालना, हिंगोली, धाराशिवकडच्या कुणाला आपल्याकडं असं काही करायचं असेल तर कमेंटमध्ये लिहा, लॅब आणि ब्युरेट तुमच्या, ईडीटीए मी करून आणते, पाणी मात्र तुमच्याच गावचं घ्या.